पिचिंगमध्ये खुनी कोण ते सांगायचं का?

नोटरीशेजारी
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे चार वर्षं नुसती वाचत असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आधी ओळख सांगते, कारण प्रश्न तिच्यातूनच निघालाय. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाबाहेर माझी टायपिंगची टपरी आहे. एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला लाकडी टेबल आणि रेमिंग्टन होतं, आता पत्र्याची टपरी, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मनात आलं तरच चालणारं झेरॉक्स मशीन आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावातले बदल, वारसाचे अर्ज, जे येईल ते करते. शेजारी नोटरी बसतात, म्हणून हे टोपणनाव. ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ हे शब्द दिवसातून वीसदा तरी टाईप होतात. त्यात सत्य किती असतं ते विचारू नका, माझं काम शुद्धलेखनाचं.

संध्याकाळी घरी रहस्यकथा लिहिते. चौदा छापून आल्यात, सगळ्या दिवाळी अंकांत. मानधन एकदाच मिळालं, पाचशे रुपये. एरवी अंकाची एक प्रत, तीही कधी कधी मागून. मुलगा म्हणतो, “आई, तुझ्या गोष्टींत पोलीस कमी आणि कारकून जास्त.” खरंय त्याचं. पोलीस ठाण्याची पायरी मी आयुष्यात दोनदा चढलेय, कारकून मात्र रोज समोर असतात.

तर झालंय असं. आपल्याकडे या आठवड्याच्या शेवटी तीन दिवसांचा चित्रपट आणि लेखन महोत्सव आहे. त्यात पिचिंग नावाचा प्रकार आहे. आलेल्या कथांमधून दहा निवडल्यात, प्रत्येकाला सात मिनिटं मिळणार. समोर तिघं बसणार, दोघं मुंबईचे, एक बाई पुण्याच्या. आपण आपली गोष्ट सांगायची, आवडली तर ते पुढचं बोलणार. दहांत माझी आहे. शनिवारी दुपारी सव्वातीनला.

गोष्ट थोडक्यात अशी. पंचवटीत भिशी चालवणारा एक माणूस ऑगस्टातल्या पुराच्या दिवशी गोदावरीत जातो. प्रेत दुसऱ्या दिवशी टाकळीच्या पुढे सापडतं. पूर होता, पाय घसरला, संपला विषय. दीड महिन्याने त्याचा धाकटा भाऊ वकिलाच्या कारकुनाबरोबर कोर्टाबाहेरच्या एका टायपिस्ट बाईकडे येतो (हो, ती मीच, हसा). अपघात विम्याच्या दाव्यासाठी प्रतिज्ञापत्र हवंय. त्यात एक वाक्य येतं: ‘त्या दिवशी सायंकाळी पाच ते साडेसहा मी व माझा भाऊ दुतोंड्या मारुतीच्या पायाशी बसलो होतो.’ बाईची बोटं तिथे थांबतात. कारण त्याच संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर, सातच्या सुमारास, ती होळकर पुलावर गर्दीत उभी राहून पूर बघत होती. आणि पाणी मारुतीच्या कमरेला होतं. मग पायाशी कोण बसणार?

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. गोदाघाटावर, नदीच्या पात्रातच, हा दोन तोंडांचा मोठा मारुती उभा आहे. पूर किती आला हे आम्ही क्युसेकमध्ये सांगत नाही, मारुतीच्या अंगावर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. २०१९ च्या ऑगस्टात तर अख्खा मारुतीच पाण्याखाली होता.

आता प्रश्न. आयोजकांकडून जो कागद आलाय त्यात लिहिलंय की ‘कथेचा शेवट स्पष्ट सांगावा’. म्हणजे खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकायचं? अहो, चौदा कथांत मी हेच तर लपवत आले. शेवटच्या पानापर्यंत वाचकाला फिरवायचं आणि मग पडदा ओढायचा, यापलीकडे मला काही येत नाही. तो पडदा पहिल्याच मिनिटाला ओढला तर उरलेली सहा मिनिटं मी काय बोलू? आणि सांगितलं नि त्यांनी परस्पर वापरलं तर?

कुणी असल्या ठिकाणी गेलंय का? कसं करू? अजून एक, साडी नेसून जाऊ की ड्रेस? (याचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.)

---

तिसरा_सहाय्यक
सोमवार, रात्री ११:२५

ताई, मी मूळचा सिडकोचा, आता मुंबईत मालिका आणि वेबसिरीजच्या लेखन विभागात पडेल ते काम करतो. टोपणनावात हुद्दा आलाच. वर दोघं असतात, खाली कुणी नसतं. त्यामुळे आलेल्या कथांचे सारांश वाचायचं काम माझ्याच गळ्यात.

खुनी सांगा. पहिल्या मिनिटालाच सांगा.

महिन्याला ढीगभर सारांश येतात आणि त्यातल्या निम्म्यांचा शेवट असा असतो: ‘आणि मग जे सत्य समोर येतं ते हादरवून टाकणारं असतं.’ हे वाचलं की आम्ही कागद बाजूला ठेवतो. लेखक लपवतोय असं आम्हाला वाटतच नाही. वाटतं, याला स्वतःलाच माहीत नाही.

तुम्ही ज्याला वाचक समजताय तो त्या टेबलावर नसतोच. तिथे बसतो तो मिस्त्री. घर विकत घेणाऱ्याला दिवाणखाना दाखवतात, मिस्त्रीला पाया दाखवावा लागतो. त्याला बघायचं असतं की शेवटाचं वजन मधल्या खांबांवर नीट बसलंय का. मारुतीचा धागा मला जाम आवडला, पण कमरेचं पाणी कुणाच्या गळ्यापर्यंत येतं ते न कळता मी वरच्या माणसाकडे काय घेऊन जाणार?

सात मिनिटांचं एवढंच सांगतो, पाठ करून जाऊ नका. पाठ केलेलं सांगताना माणूस छताकडे बघतो. टपरीवर शेजारच्या नोटरींना गंमत सांगता तशी सांगा.

आणि साडी. तुम्ही टपरीवर जे नेसता तेच.

---

काळाकोट
मंगळवार, सकाळी ८:१०

तुमच्या टपरीवर मी येऊन गेलोय बहुतेक, झेरॉक्सच्या वर्णनावरून ओळखलं. चोरीच्या भीतीबद्दल बोलतो, बाकी साहित्यातलं मला कळत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संरक्षण मांडणीला आहे, कल्पनेला नाही. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. एका नाटककाराचं म्हणणं होतं की चित्रपट माझ्या नाटकावरून उचलला. विषय एकच असला तरी मांडणी वेगळी आहे, असं म्हणून न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे ‘पुराच्या पाण्यावरून खोटं पकडलं’ ही नुसती कल्पना उद्या दुसऱ्याने घेतली तर तुम्ही फार काही करू शकणार नाही. पण तुमची लिहिलेली कथा, तिचे प्रसंग, त्यांचा क्रम, संवाद, हे तुमचंच.

तेव्हा तोंडी सांगण्याआधी सगळं कागदावर आणा, शेवटासकट. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन ऑनलाईन नोंदणी करता येते. वेळेत जमलं तर करा. नाहीतर निदान स्वतःला ईमेल करून ठेवा, तारीख राहते. नोंदणीने हक्क मिळत नाही, तो लिहिताक्षणीच तुमचा झालेला असतो. नोंदणी फक्त पुराव्याला.

तिथे एखादा फॉर्म सही करायला देतील. सवयीने सही ठोकू नका, तुम्ही दुसऱ्यांना रोज हेच सांगत असाल. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, कलम १९. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. आणि ते ‘वेगळं काही’ नेमकं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

एक विचारायचं राहिलं. ही कथा यंदा कुठल्या दिवाळी अंकाला दिलीये का? दिली असेल तर काय ठरलंय, फक्त छापण्याचं की सगळे हक्क?

---

नोटरीशेजारी
मंगळवार, दुपारी १:५५

वकीलसाहेब, दिलीये. ठरलं काहीच नाही. संपादकांचा फोन आला, “ताई, कथा पाठवा,” मी पाठवली. आमच्यात कागद होत नाहीत. दुसऱ्यांचे कागद करण्यातच दिवस जातो.

तिसरा_सहाय्यक, मिस्त्रीचं पटलं. पण अजून धीर होत नाहीये.

---

निवृत्त_ठाणेअंमलदार
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

ताई, तेहतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत. गोष्ट वाचून बरं वाटलं, कारण यात कुणी इन्स्पेक्टर गॉगल लावून गाडीतून उडी मारत नाही.

तांत्रिक दुरुस्त्या घ्या. पाण्यात प्रेत सापडलं की आधी खुनाचा गुन्हा नसतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते. दोन पंच, मरणोत्तर पंचनामा, मग प्रेत पोस्टमॉर्टेमला. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. तुमची गोष्ट त्यानंतर घडत असेल तर खुनालाही ३०२ लिहू नका, न्याय संहितेचं १०३ लिहा. जुने लोक अजून तोंडाने ३०२ च म्हणतात, ते संवादात चालेल, कागदात नाही. तुमची नायिका टायपिस्ट आहे, तिने हा आकडा चुकवला तर शोभणार नाही.

माणूस पाण्यात जिवंत पडला की मेलेला टाकला, हे बघायला हाडातल्या मज्जेत डायटम शोधतात. पाण्यातली अतिसूक्ष्म शेवाळं असतात ती. श्वास घेत बुडाला तर ती रक्तातून आत पोचतात. तुमच्या भिशीवाल्याचं काय झालं ते तुम्ही ठरवा, पण ठरवा.

आता मूळ प्रश्न. खुनी सांगितला की गंमत जाते, हे मला मान्य नाही. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र घ्या. आपल्याच नाशकात, विजयानंद थिएटर, ‘संगीत शारदा’चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. गोळ्या अनंत कान्हेरेंनी झाडल्या हे इथल्या शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे, तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, हेही ठाऊक. तो खून आणि तुमच्या भिशीवाल्याचा खून एका मापाने मोजायचा नाही, ती देशासाठी दिलेली आहुती होती. मी फक्त सांगण्याचं सांगतोय. आमचे आजोबा ही हकिगत सांगायचे तेव्हा पहिल्याच वाक्यात नाव घ्यायचे. तरी आम्ही पोरं हलायचो नाही. कारण पुढचं ऐकायचं असायचं. नाटकगृहात आत कसे शिरले, बसले कुठे, आणि ते ब्राउनिंग पिस्तूल आलं कुठून. त्या पिस्तुलांचा माग तर थेट लंडनला सावरकरांपर्यंत गेला.

कुणी केलं हे एका शब्दाचं उत्तर आहे. चौकीत ते बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच कळतं. पुढचे तीन महिने जातात ते सिद्ध करण्यात.

---

कालवा_निरीक्षक
मंगळवार, रात्री ९:१५

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कथा-बिथा वाचत नाही, मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

बाई, तुमच्या गोष्टीत चूक आहे. तुमच्या टायपिस्टने पाणी सात वाजता पाहिलं. तो माणूस म्हणतो पाच ते साडेसहा. सातला कमरेला होतं म्हणून पाचलाही होतं, हे कशावरून? गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की ते पाणी रामकुंडावर लगेच येत नाही, मधलं अंतर कापायला वेळ लागतो. शिवाय धरणातून सोडलेला आकडा वेगळा आणि होळकर पुलाखाली मोजलेला वेगळा. मधले ओढे-नाले येऊन मिळतात, शहरात पाऊस असेल तर सरस्वती नाला आहेच, सराफ बाजारवाल्यांना विचारा. पाचला पायाशी आणि सातला कमरेला, हे सहज होऊ शकतं. पाणी चढायला लागलं की बघता बघता चढतं, म्हणून तर आम्ही भोंगे वाजवतो.

म्हणजे तुमचा तो भाऊ खरं बोलत असू शकतो. कुठलाही वकील हे पाच मिनिटांत उडवेल.

---

काळाकोट
मंगळवार, रात्री ९:४०

तीन मिनिटांत.

---

नोटरीशेजारी
मंगळवार, रात्री ११:५०

काका, तुम्ही माझी झोप उडवलीत. चौदा पानांची कथा, दोन महिने लिहिलीये, आणि घड्याळ बघितलं नाही. रोज लोकांच्या कागदातल्या तारखा-वेळा तपासून देणारी बाई मी.

शनिवारचं बघते काय ते. बहुधा नाव मागे घेईन.

---

गोदाकाठची
बुधवार, सकाळी ७:०५

नाव मागे घेऊ नका हो ताई. मला यातलं काही कळत नाही, पण तुमचं भिशीवाल्याचं वाचून मी काल आमच्या भिशीचा हिशेब मागितला. म्हणजे काहीतरी जमलंय तुम्हाला.

---

नोटरीशेजारी
रविवार, रात्री १०:२०

जाऊन आले. तपशिलात सांगते, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात हात आहे.

पहिली गंमत बिल्ल्याची. नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायला कार्ड दिलं. नाव बरोबर, खाली मात्र छापलेलं: ‘गुन्हेगार लेखिका’. गुन्हेगारी असं म्हणायचं असणार, ती वेलांटी कुठे गळली कुणास ठाऊक. मी म्हटलं, हे दुरुस्त करून द्या. मुलगी म्हणाली, “मॅम, प्रिंटर बंद पडलाय.” मग काय, पर्समधून माझं काळं पेन काढलं आणि स्वतःच्या हाताने वेलांटी दिली. तीन दिवस लोक आधी बिल्ला वाचायचे, मग माझ्या तोंडाकडे बघायचे. घरी परतताना रिक्षात लक्षात आलं की कार्ड गळ्यातच आहे. रिक्षावाला आरशातून बघत होता. भाडं मात्र त्याने मीटरप्रमाणेच घेतलं, एक रुपया जास्त नाही.

पहिल्या दिवशीची भाषणं पटकन उरकते. चार वक्ते, चौघांनीही सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून केली. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’, नाशिक ही चित्रपटसृष्टीच्या जनकाची भूमी. तासाभरात दादासाहेब चार वेळा जन्मले. चौथ्या वेळी मागच्या रांगेतल्या एका मुलाने जन्मसाल वक्त्याच्या आधी सांगितलं. मला फाळक्यांबद्दल आदर आहे, पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारकही आहे. पण इतक्या वेळा जन्माला घालून माणसाला दमवू नये.

आता शनिवार.

मंगळवारची रात्र मी जागून काढली हे खरं. काकांवर चिडले होते. बुधवारी टपरीवर गेले, एकापाठोपाठ एक कागद येत होते. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, बरोबर वकिलांचा कारकून. प्रतिज्ञापत्र म्हाताऱ्यांचं, पण सांगत होता कारकूनच. “लिहा ताई, मी अर्जदार अमुक अमुक…” म्हातारे गप्प, हातात टोपी, नजर माझ्या की-बोर्डवर. कारकून थांबला की ते मान हलवायचे. कागद निघाला, त्यांनी अंगठा दिला, आणि सगळं त्यांच्या तोंडचं झालं.

एकोणीस वर्षं मी हेच बघतेय. सही एकाची असते आणि वाक्य दुसऱ्याचं. कोर्टात तो कागद वाचणाऱ्या कुणालाच हे कळत नाही. कळतं फक्त टाईप करणाऱ्या बाईला.

तेव्हा माझी बोटं खरंच थांबली. कारकून म्हणाला, “काय झालं, लाईट गेली का?”

माझ्या कथेतही ते मारुतीचं वाक्य कारकूनच सांगतो. मी ते तसंच लिहिलं होतं, कारण आमच्याकडे तसंच घडतं, त्यात वेगळं काही केलं नव्हतं. जुन्या शेवटात खुनी धाकटा भाऊ होता, खोटं बोलून अडकलेला. आता काकांचं गणित त्यावर ठेवून बघा. पाचला पाणी खरंच पायाशी होतं. सातला कमरेला आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो कमरेच्या पाण्याचा. गावाला आठवतं ते तेच पाणी. घरी बसून कुणी खोटं रचलं असतं तर तो म्हणाला असता, पुलावर उभे होतो, पायऱ्यांवर होतो. ‘पायाशी बसलो होतो’ हे सुचायला माणूस त्या दिवशी पाच वाजता तिथे असावा लागतो.

भाऊ नव्हताच तिथे, तो सिन्नरला होता. तिथे होता तो कारकून, भिशीचा हिशेब ठेवणारा. भावाला विम्याच्या पैशांची घाई, म्हणून दुसऱ्याने सांगितलेल्या वाक्यावर त्याने सही ठोकली. त्या सगळ्या कागदात खरं असं एकच वाक्य होतं, आणि त्यानेच कारकुनाला पकडून दिलं.

काका, म्हणजे चूक तुम्ही दाखवलीत, आणि कथेचा शेवट तीच चूक झाली.

सव्वातीनची वेळ पावणेपाचला आली. खोलीत टेबल, पलीकडे तिघं, कोपऱ्यात मोबाईलवर वेळ लावून बसलेली मुलगी. मी बसले आणि दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं: खून वकिलाच्या कारकुनाने केलाय. सांगताना छातीत धडधडत होतं, चौदा कथांची सवय मोडत होते. समोर कुणी दचकलं नाही. एकाने नुसतं “बरं” म्हटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

मारुती मात्र मुंबईच्या दोघांना कळेना. पात्रात उभा म्हणजे कसा? पाण्याचा काय संबंध? दोन मिनिटं त्यातच गेली. मग मी समोरचा स्टीलचा ग्लास ओढला आणि पर्समधला टाचण्यांच्या डबीएवढा गणपती त्यात ठेवला. मुलाने दिलेला, कायम बरोबर असतो. बाटलीतून पाणी ओतायला लागले. “हे पाच वाजता.” पाणी पायाशी. “हे पावणेसात.” गुडघ्याला. “आणि हे सात, जेव्हा अख्खं नाशिक बघायला आलं.” हात थरथरला आणि गणपती सोंडेपर्यंत बुडाला, थोडं पाणी त्यांच्या कागदांवरही गेलं. पण तिघं ग्लासात वाकून बघत होते. कोपऱ्यातली मुलगीसुद्धा उठून आली, वेळ संपल्याचं सांगायचं विसरली.

पुण्याच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. “वाक्य कारकुनाचं आहे हे तुमच्या टायपिस्टला माहीत आहे, पण कागदावर सही भावाची आहे. ती हे सिद्ध कसं करणार?” मला ठाणेअंमलदार साहेबांची आठवण झाली, पुढचे तीन महिने सिद्ध करण्यात जातात ते. मी म्हटलं, ते मला अजून माहीत नाही. वाटलं, संपलं आता. तर त्या म्हणाल्या, मग पुढचे भाग त्याचेच आहेत.

एवढंच. टाळ्याबिळ्या नाहीत. त्यांनी दहा पानांचा आराखडा मागितलाय आणि एक फॉर्म दिलाय. वकीलसाहेब, सही केलेली नाही. कलम सहामध्ये ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर’ असं आहे.

---

काळाकोट
रविवार, रात्री १०:४५

करूही नका. मंगळवारी कोर्टात आहे, कागद टपरीवरच बघू.

---

निवृत्त_ठाणेअंमलदार
रविवार, रात्री ११:००

सिद्ध करायचं तर तुमच्या कॉम्प्युटरमधली मूळ फाईल बघा. दुरुस्त्या कुणी करायला लावल्या, आधीच्या मसुद्यात काय होतं. कारकून लोक पहिला मसुदा स्वतःच्या अक्षरात लिहून आणतात बहुधा?

---

नोटरीशेजारी
रविवार, रात्री ११:१०

आणतात! पाठकोऱ्या कागदावर, निळ्या पेनने. काम झालं की माझ्या टेबलाखालच्या खोक्यात पडतात. सहा महिन्यांतून एकदा रद्दीवाला नेतो. अरे देवा, साहेब.

---

कालवा_निरीक्षक
सोमवार, सकाळी ६:४०

सिन्नरहून पाचच्या आत गोदाघाटावर येता येतं, तेही बघून ठेवा. बाकी ठीक. अंक कधी येतोय? घेईन म्हणतो.

---

नोटरीशेजारी
सोमवार, सकाळी ९:३०

काका, तीच तर पंचाईत. अंकाला जुनी कथा दिलीये, भाऊ खुनी असलेली, सातची वेळ पाचला लावलेली. काल रात्रीपासून संपादकांना फोन करतेय. आत्ता उचलला. म्हणाले, “ताई, तुमचा फर्मा गेल्या आठवड्यातच छापून झाला.”